शेपटीचं चाक आणि मुहर्रकचा वारा

मंडळी, बहरीनमध्ये येऊन आम्हाला तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत पाहुण्यांना दाखवायच्या जागांची आमची यादी अगदी पाठ झाली आहे. बाब अल बहरीन, मनामातली सोन्याची दुकानं, समुद्रकाठचा जुना किल्ला, वाळवंटात एकटंच उभं असलेलं ते झाड, आणि सगळ्यात शेवटी मुहर्रक. शेवटी अशासाठी, की विमानतळ तिथं आहे! पाहुण्यांच्या बॅगा गाडीत घालायच्या, पूल ओलांडायचा, वेळ असेल तर अरादच्या किल्ल्यापाशी दोन फोटो काढायचे आणि "पोचलात की फोन करा" म्हणून हात हलवायचा. मुहर्रक म्हणजे आमच्या लेखी निरोपाचं गाव. ते बघायला म्हणून कुणी जातं, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

या वर्षी मात्र आम्ही मुहर्रक मुद्दाम बघितलं. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. त्याला कारण झालं एका शनिवारी रात्री अकरा वाजता आलेला फोन.

आमची मुलगी अमेरिकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी विमान चालवायला शिकते. लायसन्स तिला दोन वर्षांपूर्वीच मिळालं. तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि आतून घाबरलो, तो अनुभव तुमच्यापैकी काही जणांना असेल. यंदा तिनं नवं खूळ डोक्यात घेतलं. "टेलव्हील" शिकायचं, म्हणजे ज्या विमानाचं तिसरं चाक नाकाखाली नसून शेपटीखाली असतं ते. अमेरिकेत अशा विमानासाठी प्रशिक्षकाची वेगळी सही वहीत लागते. आम्ही म्हटलं, चाक पुढे काय नि मागे काय, फरक तो काय पडणार?

तो फरक त्या शनिवारी कळला. फोनवर आवाज अगदी बारीक. "आई, घाबरू नकोस. मला काही झालेलं नाहीये. पण विमान फिरलं गं."

"फिरलं म्हणजे?"

"उतरल्यावर. जमिनीवर. गर्रकन फिरलं, पंखाचं टोक गवताला घासलं, एका चाकाचा दांडा वाकला. सर बाजूलाच होते. त्यांनाही काही नाही झालं."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, हे सांगायला नको. आमच्यापैकी एकाचं मत पडलं की हे खूळ आता बंद करायला सांगायचं. दुसऱ्याचंही तेच. फक्त फोनवर सांगायचं कसं, तेवढंच ठरत नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या मुलीला "बंद कर" म्हणायचं तर निदान काय बंद करायचं ते तरी आपल्याला कळायला हवं ना!

आमच्या इमारतीत रत्नागिरीकडचे एक काका मुलाकडे राहतात. वय सत्त्याहत्तर. ते इथं आले तेव्हा बहरीन अजून स्वतंत्र व्हायचं होतं. उभं आयुष्य त्यांनी विमानतळावर काढलं, विमानात किती माणसं, किती सामान, ते कुठं ठेवायचं, याच्या हिशेबात. या हिशेबाला लोडशीट म्हणतात. आम्ही त्यांना जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, मागे सामान किती होतं?"

आम्हाला त्या प्रश्नाचं आश्चर्यच वाटलं. पोरीचा जीव वाचलाय आणि हे सामान विचारतायत! पण पुढच्या शुक्रवारी सकाळी काकांनी आम्हाला गाडीत बसवून मुहर्रकला नेलं आणि आमची शाळा सुरू झाली.

पहिला धडा विमानतळावर नाही, तर वाटेतल्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. काकांनी एक रिकामी ट्रॉली घेतली. "बघा, हिची मागची दोन चाकं सरळ, पुढची दोन गरागरा फिरणारी. आता मी ढकलून सोडतो." ट्रॉली सरळ गेली. मग त्यांनी ती उलटी केली, म्हणजे सरळ चाकं पुढं आणि फिरणारी मागं. पुन्हा ढकलून सोडली. दहा पावलं गेली नाही तोच ट्रॉलीनं मागचा भाग बाजूला काढला आणि गर्रकन फिरून तोंड आमच्याकडे केलं.

"हेच तुमच्या मुलीचं विमान," काका म्हणाले.

मंडळी, हा प्रयोग घरच्यांबरोबर जरूर करून बघा, आजूबाजूला गाड्या नाहीत एवढं पाहून. त्यातलं कारण साधं आहे. गाडीचं वजन ज्या एका बिंदूत एकवटलंय असं धरता येतं त्याला आपण शाळेत गुरुत्वमध्य म्हणायचो. मुख्य चाकं त्या बिंदूच्या मागं असली, तर गाडी जरा तिरकी झाली तरी पुढचं वजन तिला ओढून पुन्हा सरळ करतं. नाकाखाली चाक असलेलं विमान असं असतं. शेपटीखाली चाक असलेल्या विमानात मुख्य दोन चाकं पुढं आणि वजन त्यांच्या मागं. तिथं विमान जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढं जायला बघतं आणि तिरकेपणा वाढवतं. वेळेत आवरलं नाही, तर शेपटीच पुढं यायला निघते. याला वैमानिक ग्राउंड लूप म्हणतात. आमच्या मुलीनं "फिरलं" म्हटलं ते हे.

मग अशी विमानं कुणी आणि कशासाठी बनवली? याचं उत्तर मुहर्रकमध्येच आहे.

अरादच्या किल्ल्याजवळच्या खाडीकाठी चालायला सुरेख वाट आहे. संध्याकाळी तिथं बहरीनी कुटुंबं चहाचे थर्मास घेऊन बसतात आणि डोक्यावरून विमानं उतरत असतात. काकांनी तिथंच सतरंजी टाकायला लावली. "हे सगळं सपाट मैदान होतं," ते म्हणाले, "आणि १९३२ साली इथं हॅनिबल उतरलं."

हॅनिबल म्हणजे इम्पीरियल एअरवेज कंपनीचं हँडली पेज एच. पी. ४२ जातीचं विमान. चार इंजिनं, एकावर एक असे दुहेरी पंख, वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास, प्रवासी चोवीस. आणि तिसरं चाक शेपटीखाली! लंडनहून हिंदुस्थानकडे जाणारी ही वाट आधी इराणच्या किनाऱ्यानं होती. १९३२ मध्ये ती आखाताच्या अरबी बाजूला आली आणि कुवेत, बहरीन, शारजा, ग्वादर, कराची अशी ठाणी झाली. लंडनहून इथं पोचायला कित्येक दिवस लागत. नियमित प्रवासी विमानसेवेच्या नकाशावर बहरीन आलं ते असं.

त्या वेळी पक्क्या धावपट्ट्या नव्हत्या. कठीण वाळू किंवा गवत, मध्ये खड्डे, दगड. नाकाखालचं चाक अशा जागी रुतलं किंवा मोडलं तर पंखा जमिनीला लागणार. शेपटीच्या चाकामुळे नाक वर राहतं, पंखा जमिनीपासून उंच राहतो. शिवाय ते चाक लहान आणि हलकं असतं, म्हणून तेवढंच वजन वाचतं. आणि मैदान चारी बाजूंनी मोकळं असल्यामुळे वारा जिकडून येईल तिकडं तोंड करून उतरता येई. आडव्या वाऱ्याचं संकट तेव्हा फारसं नव्हतंच. एका दिशेची पक्की पट्टी आली आणि वारा विमानाच्या बाजूनं यायला लागला.

आता मुहर्रकची पट्टी कशी आहे बघा. तिच्या टोकांना १२ आणि ३० असे आकडे आहेत. हे होकायंत्राचे अंश दहानं भागून लिहिलेले असतात. ३० म्हणजे ३०० अंश, म्हणजे पश्चिमेकडून थोडं वायव्येला. आपल्याला इथं उन्हाळ्यात धूळ खायला लावणारा शमाल वारा वायव्येचाच! आणि हिवाळ्यात पाऊस येण्याआधी उलटा, आग्नेयेचा कौस वारा सुटतो, तेव्हा विमानं दुसऱ्या बाजूनं, १२ वरून उतरतात. तीस वर्षं आम्ही शमालला शिव्या घालतोय, पण उतरणारं विमान त्याच्याचकडे तोंड करून सावरतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गच्चीवरचे कपडे कुठल्या बाजूला फडफडतायत यावरून आता आम्ही विमान कुठून येणार ते सांगतो. शेजारी हसतात.

१९३२ च्या त्याच ऑक्टोबरची आणखी एक गोष्ट आपल्या सगळ्यांना शाळेत सांगितलेली असते, पण ती बहरीनशी जोडलेली आहे हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून निघून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, पस मॉथ नावाच्या छोट्या, एका इंजिनाच्या विमानातून. टपाल होतं सुमारे पंचवीस किलो. हे टपाल कराचीला आणत असे इम्पीरियल एअरवेज, म्हणजे आपली ही आखाताची वाट! जुहूहून पुढं मद्रासला टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. जुहूचं मैदान म्हणजे पावसाळ्यात नुसता चिखल, म्हणून पावसाळ्यात पुण्याहून काम चाले. पस मॉथही शेपटीवर बसणाऱ्यांपैकीच. आणि १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जे. आर. डीं.नी कराची-मुंबई तीच फेरी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा केली. तेही तसंच, शेपटीच्या चाकाचं. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पाय जागेवर होते त्यांचे," काका म्हणाले. "म्हणून सांगतो, तुमच्या मुलीचे पाय कुठं होते ते विचारा."

पाय! हा काकांचा दुसरा धडा. विमानाचं जमिनीवरचं तोंड हातानं नाही, पायांनी वळवतात. दोन पेडल असतात, त्यांनी शेपटीचं सुकाणू हलतं. त्याला रडर म्हणतात. शेपटीच्या चाकाचं विमान दोन तऱ्हांनी उतरवतात.

पहिली तऱ्हा तीन चाकांवर उतरायची. जमिनीच्या हातभर वर विमान तरंगत ठेवायचं, हळूहळू स्टिक मागं ओढत नाक वर करायचं, वेग कमी कमी होऊ द्यायचा. पंखांची उचलायची ताकद संपते त्याच क्षणी तिन्ही चाकं एकदम टेकली पाहिजेत. वेग जास्त असताना पुढची चाकं आधी आपटली, तर वजन मागं असल्यामुळे शेपटी खाली जाते, पंख वर तोंड करतात आणि विमान पुन्हा हवेत उडी मारतं. नवशिक्यांचं विमान बेडकासारखं उड्या मारत जातं ते यामुळे.

दुसरी तऱ्हा दोन चाकांवर उतरायची. विमान जवळजवळ आडवं ठेवून, थोड्या जास्त वेगानं पुढची दोन चाकं अलगद टेकवायची आणि टेकताक्षणी स्टिक जराशी पुढं द्यायची, म्हणजे विमान जमिनीला चिकटून राहतं. मग वेग उतरला की शेपटी आपोआप खाली येते. वारा जोराचा किंवा आडवा असला की पुष्कळ जण ही तऱ्हा पसंत करतात, कारण वेग असेपर्यंत रडर चांगलं काम करतं. "डाकोटा अशीच यायची," काका म्हणाले. "आधी दोन पाय टेकणार, शेपटी वर. मग हळूच बसणार. नऊवारीतली बाई पाटावर बसते ना, तशी सावकाश."

वारा बाजूनं असेल तर वाऱ्याकडचा पंख जरा खाली आणि उलट बाजूचं पेडल दाबलेलं, असं एका चाकावर आधी टेकावं लागतं. नजर नाकासमोर नको, पट्टीच्या पार टोकाला हवी, म्हणजे जराही तोंड वळलं तर लगेच कळतं. पेडल लहान लहान आणि चटकन द्यायचं, नि लगेच सोडायचं. मोठा पाय उशिरा दिला तर विमान उलट बाजूला पळतं. आणि ब्रेक एकदम दाबायचा नाही, नाही तर विमान नाकावर उभं राहतं.

"पण खरी गंमत पुढं आहे," काका म्हणाले. "वेग कमी झाला की रडरवर वाराच पुरेसा लागत नाही. म्हणजे विमान सगळ्यात आडमुठं कधी, तर उतरून झाल्यावर, माणसाला हायसं वाटतं तेव्हा. आमचे जुने कॅप्टन म्हणायचे, विमान दोरानं बांधेपर्यंत उड्डाण संपलं नाही."

आम्ही रात्री फोन केला. या वेळी आवाज आमचा बारीक होता. विचारलं, "बाळा, तुझे पाय कुठं होते?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? उतरले होते मी छान. तीन चाकांवर, अगदी अलगद. सर पण म्हणाले मस्त. आणि मी पाय सैल सोडले. तेवढ्यात डावीकडून वाऱ्याचा झोत आला. नाक डावीकडे गेलं, मी उजवा पाय दिला, पण उशिरा दिला."

"आणि मागे सामान किती होतं?"

आता मात्र शांतता मोठी झाली.

सामानाचा प्रश्न हा काकांच्या आयुष्याचा विषय. तो त्यांनी आम्हाला त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर वहीत मांडून शिकवला. विमानात प्रत्येक वस्तूचं वजन आणि ती एका ठरलेल्या रेषेपासून किती लांब आहे ते अंतर, यांचा गुणाकार करतात. सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण वजनानं भागायचं. येईल तो आकडा म्हणजे गुरुत्वमध्य. तो विमान बनवणाऱ्यांनी ठरवलेल्या दोन हद्दींच्या मध्ये पाहिजे. मुलीकडे हे पौंडात आणि इंचांत करतात. काकांनी आमच्यासाठी किलो आणि सेंटिमीटर घेतले. आकडे कुठल्याच खऱ्या विमानाचे नाहीत, नुसते समजण्यापुरते.

समजा, रिकामं विमान ३८० किलो, त्याचा मध्य चाकांच्या मागं ३५ सेंटिमीटरवर. गुणाकार १३,३००. दोन माणसं मिळून १३० किलो, ६० सेंटिमीटरवर, म्हणजे ७,८००. पेट्रोल ४० किलो, ५० सेंटिमीटरवर, म्हणजे २,०००. मागच्या कप्प्यात १० किलोची पिशवी, ११० सेंटिमीटरवर, म्हणजे १,१००. एकूण वजन ५६०, एकूण गुणाकार २४,२००. भागाकार ४३.२ सेंटिमीटर. आता मागे १० ऐवजी ३० किलो ठेवलं, तर एकूण ५८०, गुणाकार २६,४००, आणि मध्य गेला ४५.५ वर. मागची हद्द ४५ असेल, तर एका बॅगेनं आपण हद्दीबाहेर!

"वजन एकूण किती, हे सगळे बघतात," काका म्हणाले. "कुठं ठेवलंय, हे विसरतात."

वजन फार मागं गेलं, तर हवेत विमान हलकं हलकं, अवखळ होतं. वेग फार पडून ते गोते खायला लागलं, तर सावरणं कठीण जातं. जमिनीवर शेपटीच्या चाकाच्या विमानाला त्याचा दुसराही त्रास. चाकांपासून वजन जितकं मागं, तितका फिरवणारा हात लांब. वजन फार पुढं गेलं तरी वाईटच. नाक जड होतं, तीन चाकांवर उतरायला शेपटी खालीच येत नाही, आणि ब्रेक लावला तर नाकावर पडायची भीती.

काकांनी एक गोष्ट सांगितली ती आम्हाला फार पटली. नाकाखाली चाक असलेल्या विमानात मागे फार सामान भरलं, तर ते उभ्या जागी शेपटीवर बसतं. सगळ्यांना दिसतं, लाज वाटते, पण जीव वाचतो. डाकोटा आधीच शेपटीवर बसलेली! तिच्यात मागे कितीही भरा, ती उभी असताना तक्रार करत नाही. चूक कळणार ती धावताना शेपटी उचलेना म्हणजे, किंवा वर गेल्यावर. "म्हणून तिथं डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. कागदावर मांडायचं."

आपण परदेशातले मराठी लोक वजनाच्या बाबतीत किती हुशार! प्रत्येकाच्या घरी बॅग टांगायचा तो काटा आहे. तेवीस किलो आठशे ग्रॅम भरले की लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत जाते. पण हा सगळा हिशेब दंड चुकवायचा. छोट्या विमानात कधी हवाईसुंदरी येऊन "जरा मागच्या सीटवर बसता का?" म्हणते, तेव्हा आपण कपाळाला आठ्या घालतो. इम्पीरियल एअरवेज तर प्रवाशांनाही सामानासकट वजनकाट्यावर उभं करत असे, सरकारी साहेब असो की व्यापारी. आता कुणी विमानात जागा बदलायला सांगितली, तर आम्ही तक्रार न करता उठतो.

तर मुलीकडे काय झालं होतं? आदल्या दिवशीचाच कागद तिनं वापरला होता. त्या दिवशी मागच्या कप्प्यात दोन पिशव्या आणि विमान बांधायच्या खुंट्या-दोरांची पेटी होती. ती कुणी मोजली नव्हती, तिनं नाही आणि सरांनीही नाही. नंतर मांडून बघितलं तर आकडा हद्दीच्या आत होता, पण अगदी काठावर. सर म्हणाले, फिरलं ते पायामुळे, सामानानं फक्त हात लावला. तिनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. आम्हाला वाटतं, त्या गोष्टी तिला कुणाला तरी सांगायच्या होत्या आणि आई-बाबांना त्या समजतील असं तिला वाटलं नव्हतं.

मुहर्रकच्या या मैदानानं नुसत्या सुरस गोष्टी पाहिल्यात असं नाही, हे काकांनी लपवलं नाही. तेच हॅनिबल विमान १ मार्च १९४० रोजी जिवानीहून शारजाकडे येताना ओमानच्या आखातावर नाहीसं झालं, आठ माणसांसकट. त्यात मद्रासचे नेते सर पन्नीरसेल्वम होते. पुढं इथल्या विमान कंपनीचा पाया घातला तो फ्रेडी बॉसवर्थ या ब्रिटिश वैमानिकानं. अॅव्हरो अॅन्सन नावाच्या दोन इंजिनांच्या, शेपटीवर बसणाऱ्या छोट्या विमानानं त्यानं आखातात हवाई टॅक्सी सुरू केली आणि १९५० मध्ये गल्फ एव्हिएशन कंपनी स्थापन झाली. तिचीच पुढं गल्फ एअर झाली. बॉसवर्थ मात्र १९५१ मध्येच इंग्लंडमध्ये विमान अपघातात गेला. आणि २००० च्या ऑगस्टमधली ती रात्र इथल्या जुन्या मंडळींना सांगायलाच नको. कैरोहून आलेलं विमान उतरता उतरता समुद्रात गेलं आणि १४३ माणसं गेली. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरी विमानाचा आवाज आला की बोलणं थांबायचं.

हे सगळं ऐकून आम्ही काकांना सरळच विचारलं. "मग मुलीला बंद करायला सांगू की नको?"

काका म्हणाले, "घाटगे साहेबांचं नाव ऐकलंय का?"

नाव ऐकलं होतं, पुढचं काही ठाऊक नव्हतं. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, आणि नंतर बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एच. टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान तयार केलं. स्वतंत्र भारतानं स्वतः आखून बांधलेलं पहिलं शिकाऊ विमान. ते ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. दोन आसनं एकामागं एक, आणि तिसरं चाक शेपटीखाली! आपल्या वायुदलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. घाना देशानं आपलं वायुदल उभारताना हीच विमानं घेतली. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी "पुष्पक" आलं, तेही शेपटीच्या चाकाचं. आपल्याकडचे कितीतरी वैमानिक पुष्पकवर पाय हलवायला शिकले.

"घाटगे साहेबांच्या विमानावर पहिल्या दिवशी सरळ किती जण गेले असतील?" काका म्हणाले. "ज्याचं एकदा वाकडं गेलं नि कारण कळलं, तो पुढं जपून चालवतो. कारण न कळता सरळ गेला, त्याची मला भीती वाटते."

आम्ही "बंद कर" म्हणालो नाही. त्याऐवजी एक अट घातली, की दर वेळी कागद नवा मांडायचा, आणि मागच्या कप्प्यातली प्रत्येक वस्तू काट्यावर घालायची. मुलगी हसली. म्हणाली, "आई, तुझा तो बॅगेचा काटा पाठवून दे." आम्ही खरोखरच पाठवला. लोणच्याच्या बरणीबरोबर, एकूण वजन बघून!

विमान दुरुस्त व्हायला सात आठवडे गेले. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तिनं सकाळीच कळवलं होतं की आज जाणार. इथं संध्याकाळ होती. आम्ही दोघं आणि काका अरादच्या खाडीकाठी सतरंजी टाकून बसलो. शमाल नेहमीप्रमाणे वाहत होता, आणि एकेक विमान त्याच्याकडे तोंड करून, जरासं तिरकं होत, सरळ होत उतरत होतं. प्रत्येक विमान टेकून, धावून, वळून दिसेनासं होईपर्यंत आम्ही बघत होतो. पूर्वी चाकं टेकली की आम्ही नजर काढून घ्यायचो.

निघताना ती नेहमीसारखं म्हणाली होती, "उतरले की फोन करते."

आम्ही म्हटलं, "उतरलीस की नको. विमान बांधून झालं की कर."

फोन रात्री साडेअकराला आला.